सातारा ते पंढरपूर सायकलने : पॅडवाली शॉर्ट कोणती घ्यावी? बजेट १५००

शाहूपुरी_सातारा
नमस्कार मंडळी. आषाढीच्या आधी एका दिवसात पंढरपूर गाठायचं ठरवलंय. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, पिलीव असा रस्ता, एकशे चाळीसच्या आसपास भरतो. येताना टेम्पो आहे. एरवी रोज सकाळी पंचवीस-तीस किलोमीटर करते. मागच्या रविवारी पहिल्यांदाच पुसेगावला जाऊन आले, सत्तरच्या वर झाले. घरी येऊन अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला आणि ओरडलेच. उजव्या मांडीला आतून, शिवण येते तिथं, चार बोटं लांब साल निघालेलं. साधी ट्रॅक पँट घातली होती. सायकल दिरांची जुनी हायब्रीड आहे. बजेट १५००, त्याच्या वर जमणार नाही. स्वतः वापरलेलं सांगा.

घाटवेडा_११
भावा, १५०० विसर. बिब शॉर्ट घे, खांद्यावरून पट्टे येतात ती. कमरेला इलॅस्टिक काचत नाही आणि पॅड जागचं हलत नाही. मी साडेसहा हजारांची घेतली, तीन वर्षं झाली, अजून शिवण उसवलेली नाही. त्याच बिबवर २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, केल्या. ४०० ला २७ तास देतात, मी २५ मध्ये आलो. एकदाच पैसे घाल.

कृष्णाकाठ_वाई
पुण्याला कोणी जाणार असेल तर डेकॅथलॉनमधून आणायला सांग दादा. मी चार वर्षांपूर्वी हजाराच्या आत साधी शॉर्ट घेतली, पसरणीचा घाट दर रविवारी तिच्यावरच चढतो. एक लक्षात ठेव, आत अंडरवेअर घालायची नाही. पॅड थेट अंगाला लागलं पाहिजे. मी पहिल्या खेपेला घातली होती, शिवणीचे वळ दोन दिवस गेले नाहीत.

संगम_माहुली
आम्ही अ‍ॅटलास सायकलवर साताऱ्याहून कराडला बाजाराला जायचो, धोतरावर. पॅडबिड काही नव्हतं. जेलचं सीट कव्हर घ्या, तीनशे रुपयांत काम होतं. उरलेल्या पैशाचे पेढे न्या पांडुरंगाला.

घाटवेडा_११
काका, मोठ्या माणसांचा मान राखून सांगतो, जेलचं कव्हर लांबच्या पल्ल्याला घात करतं. मऊ गादीत बसायची हाडं रुततात आणि मधला भाग दाबला जातो. तिथून नस जाते. तास-दोन तासांत मुंग्या येतात, मग बधिर होतं. बधिर झालं की उतरायचंच, रेटायचं नाही. बिब घे भावा.

फलटण_पॅडल
दहिवडीवरून कशाला जाताय? वर्धनगडाचा चढ आहे. फलटण, माळशिरसवरून पालखी मार्गानं जा, रस्ता रुंद आहे.

कृष्णाकाठ_वाई
लांब पडतं ते. आणि आषाढीच्या तोंडावर त्या रस्त्यानं माउलींची पालखी चालत असते. वारकऱ्यांच्या गर्दीत सायकल घालू नये. वर्धनगडाचा चढ काही यवतेश्वरचा घाट नव्हे, सकाळच्या ताज्या पायांनी होऊन जातो.

फलटण_पॅडल
पालखी पुढं गेल्यावर जायचं. रस्ता कोणता मोकळा ते आम्हाला विचारा, आम्ही रोज बघतो.

रहिमतपूर_रोड
मंडळी, जरा वर जाऊन वाचा. 'करते' लिहिलंय, 'ओरडलेच' लिहिलंय. भावा आणि दादा काय लावलंय?
ताई, बायकांच्या शॉर्टचं पॅड वेगळं असतं, मागं रुंद आणि पुढं आखूड. बसायच्या हाडांमधलं अंतर आपल्यात साधारण जास्त असतं, म्हणून पुरुषांची शॉर्ट 'स्वस्तात मिळाली' म्हणून घेऊ नका. मी घेतली होती. पॅडची कड नेमकी हाडाखाली यायची, दोन्ही बाजूंना फोड आले. आणि बिबचा आग्रह करणाऱ्यांनी हेही सांगावं, की दहिवडी ते म्हसवड मोकळ्या माळावर लघवीला थांबायचं तर बाईनं अंगातला टीशर्ट काढून पट्टे कसे उतरवायचे? तसल्या बिबमध्ये मी एकदा दिवसभर पाणीच कमी प्याले आणि रात्री तापानं पडले.

घाटवेडा_११
माफ करा ताई, घाईत वाचलं. बायकांसाठी मागून सुटणाऱ्या बिब पण येतात. थोड्या महाग असतात.

शाहूपुरी_सातारा
राग नाही. पण बजेट १५०० च आहे. अजून एक अडचण, कोरेगावात माझी शाळा आहे, रस्त्यात पालक भेटतात. नुसत्या शॉर्टवर मला जाता येणार नाही. आतून घालायची पॅडची इनर मिळते ना, ती घालून वर सैल पँट घातली तर?

कृष्णाकाठ_वाई
नको. इनरचं पॅड पातळ असतं, तीस-चाळीस किलोमीटरला ठीक. वरून पँट म्हणजे गरम होणार आणि पावसात भिजली की जड.

फलटण_पॅडल
पँट चेनमध्ये जाते. इनर नको.

घाटवेडा_११
इनर नकोच.

स्पोक_रिम_कराड
सायकल दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. ताई, एकाच मांडीला सोललंय हे मला महत्त्वाचं वाटतं. दिरांची उंची किती, तुमची किती? आणि सीट कोणी खाली घेतली होती का?

शाहूपुरी_सातारा
दीर पाच-दहा, मी पाच-दोन. सीट थोडी खाली घेतली होती. किती घ्यायची असते ते माहीत नव्हतं.

स्पोक_रिम_कराड
मग चड्डी राहू द्या बाजूला, आधी सीट बघा. सीट उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवी डुलते आणि प्रत्येक फेऱ्याला मांडी सीटवर घासते. पुसेगावपर्यंत असे किती हजार फेरे झाले असतील बघा. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल एकदम खाली. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर कलली नाही पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. सीटचं नाक वर नको, सपाट ठेवा.
दुसरं, खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर बसा, थोडं पुढं वाका, गुडघे जरा उचला. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीनं मोजा. सीटचा मागचा भाग त्याहून दोन-तीन सेंटीमीटर रुंद हवा. पुरुषांच्या सायकलवर बायका बसतात तेव्हा निम्म्या तक्रारी इथूनच येतात, हे मी रोज बघतो.

संगम_माहुली
हे पटलं. आमच्या सायकलींची सीटं रुंद होती, स्प्रिंगची. म्हणून धोतर चाललं.

रहिमतपूर_रोड
पॅड दाबून बघा ताई. अंगठ्यानं दाबल्यावर तळाला लगेच टेकलं तर तो नुसता स्पंज. घट्ट आणि लगेच वर येणारं हवं, जाड हवं असं नाही. माप अंगासरशी घ्या, सैल शॉर्टमध्ये पॅडला घडी पडते. धुताना गार पाणी, उलटी करून सावलीत वाळवा, कपडे मऊ करायच्या कंडिशनरमध्ये बुडवू नका. आणि पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत ओल्या शॉर्टवर उभ्या राहू नका, फोड तिथंच पिकतात. आधी कपडे बदला.

कृष्णाकाठ_वाई
व्हॅसलीन लावा.

रहिमतपूर_रोड
व्हॅसलीन पॅडमध्ये बसतं, धुऊन निघत नाही. मी खोबरेल लावते.

शाहूपुरी_सातारा
सर्वांचे आभार. झालं ते सांगते.
सीट टाचेच्या हिशोबानं चार बोटं खाली आली. चार बोटं! पुठ्ठ्यावर अंतर साडेतेरा सेंटीमीटर आलं, सीट मागं सोळा आहे, म्हणजे तीच ठेवली. मग इनरच घेतली, बायकांची, ११५० ला. दुकानात चार इनर अंगठ्यानं दाबून बघितल्या, दुकानदार बघतच राहिला. वर जुनी सुती पँट न घालता पातळ नायलॉनची घातली, उजव्या पायाला घोट्याशी शाळेतल्या फायलीची नाडी बांधली. काल सातारा-गोंदवले-सातारा केलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेडलवर उभी राहत होते. वर्धनगड उतरताना पाऊस लागला, पँट अंगाला चिकटली, पण कोरेगावपर्यंत वाऱ्यानं सुकली. मांडीला काही नाही. शेवटच्या वीस किलोमीटरला बसायची हाडं दुखली, ते खरं. पण ते दुखणं सकाळी उठल्यावर नव्हतं.
तर इनरवरच जाणार. पुढच्या शनिवारी पहाटे चारला निघते.

घाटवेडा_११
गोंदवले-सातारा म्हणजे पंढरपूरइतकंच झालं की ताई. तरी पुढच्या वर्षी बिबचा विचार करा.

स्पोक_रिम_कराड
निघायच्या आदल्या दिवशी सीटचा बोल्ट एकदा आवळा. आणि सीटपोस्टवर आत्ता आहे तिथं चिकटपट्टीची खूण करून ठेवा, दिरांनी सायकल नेली तर पुन्हा शोधाशोध नको.

रहिमतपूर_रोड
ताई, पिलीवपासून पुढं मी येऊ का सोबतीला? माझं माहेर तिकडंच आहे, सायकल टेम्पोत टाकून आदल्या रात्री येते.