मदत हवी आहे: प्रेसवाला 'ब्लीड' मागतोय, आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय

गड्ड्यावरचा: घरच्या टॉवेल कारखान्याचं लेबल केलंय. डिझाइन एक नंबर झालंय, पण प्रेसवाला फाइल घेईना. म्हणे ब्लीड नाही, आरजीबी आहे, फॉन्ट कर्व्ह करा, लोगो व्हेक्टर द्या. अक्कलकोट रोडला उन्हात दोन चकरा झाल्या. हे काय असतं, लवकर सांगा की ओ.

शेंगाचटणी: साइज काय? कशात केलंय? कागदाचं आहे का विणलेलं?

गड्ड्यावरचा: लेबल म्हणजे लेबल ओ. टॉवेलचं.

नवीपेठकर: कटिंगला कागद केसभर तरी सरकतोच. रंग कडेपर्यंत असला तर पांढरी रेघ दिसते, म्हणून चारी बाजूंनी ३ मिमी जास्त सोडायचं. तेच ब्लीड. ए४ असेल तर २१० × २९७ चं २१६ × ३०३ होतं. मजकूर मात्र कडेपासून आतच ठेवा. आरजीबी म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचे रंग. छपाई चार शायांची, सीएमवायके. तुमचा भडक निळा कागदावर मरणार, आत्ताच मनाची तयारी करा.

कोरलभक्त: कोरलड्रॉ सॉफ्टवेअर घ्या, सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू. झाले कर्व्ह, म्हणजे अक्षरांची चित्रं. मोबाइलवर डिझाइन करणाऱ्यांनी प्रेसची पायरी चढू नये.

नवीपेठकर: तुम्ही दर धाग्यावर कोरलच विकता. कर्व्ह करायच्या आधी मूळ फाइल वेगळी ठेवा हे कोण सांगणार? नंतर फोन नंबर बदलायचा म्हटलं तर अक्षर टाइप होत नाही.

पिक्सेलताई: आधी युजर रिसर्च केला का? वायरफ्रेम काढा, मग प्रोटोटाइप.

शेंगाचटणी: ताई, हे अ‍ॅप नाही, अंग पुसायचा टॉवेल आहे, त्याला लॉगिन नाही.

गड्ड्यावरचा: मोबाइलवरच केलंय. ४ × ३ इंच. लोगो काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. नाव छोटं वाटलं म्हणून अक्षरं लांब लांब केलीत.

नवीपेठकर: घ्या! व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ४ × ३ इंचाला १२०० × ९०० पिक्सेल लागतात. व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेलं चित्र, असेल तर ही भानगडच नाही, कितीही ताणा, फाटत नाही. काकांना मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि अक्षरांतलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, इंग्रजीत चालतं. मराठीत शिरोरेघ तुटते. नाव वाढवायचं तर फॉन्टचा आकार वाढवा.

कोरलभक्त: जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये केलं असतं तर...

नवीपेठकर: ...तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसली असती.

गड्ड्यावरचा: काकांना फोन केला. दोन लेबलं आहेत म्हणे. एक पॅकिंगला कागदाचं, एक टॉवेलच्या कडेला शिवायचं विणलेलं. मी एकच फाइल प्रेसवाल्याला आणि विणणाऱ्याला, दोघांना पाठवली.

शेंगाचटणी: पहिल्याच प्रतिसादात काय विचारलं होतं मालक? विणायला शाई नसते, धागा असतो. मोजके सपाट रंग ठेवा, सावल्या काढा, बारीक अक्षरं जाड करा. ब्लीड फक्त प्रेसवाल्याला.

गड्ड्यावरचा: बरं. आणि व्हिजिटिंग कार्ड पण करायचंय, त्याला ब्लीड लागतं का?