मोल्ड: शब्द एक नव्हे, तीन

एकांनी लिहिलंय की साचा आणि बुरशी हे 'मोल्ड' या एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत. मला ते पटत नाही. स्पेलिंग सारखं असलं तरी ही वेगवेगळी घराणी आहेत, आणि दोन नव्हे, तीन.

साच्याचा मोल्ड लॅटिन 'मोड्युलस'वरून, म्हणजे छोटं माप, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मॉडेल, मॉड्यूल हे त्याचेच भाऊबंद. आमच्या कोल्हापूरकडच्या शिरोली-उद्यमनगरच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, दिवसभर कानावर पडतो तो हाच. बेंटोनाइट ही चिकट माती आणि पाणी घालून मळलेली वाळू पॅटर्नभोवती, म्हणजे हव्या त्या वस्तूच्या नमुन्याभोवती, ठासायची, पॅटर्न अलगद काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ती पोकळी असलेला वाळूचा साचा म्हणजेच मोल्ड.

पावसाळ्यात ओल लागलेल्या गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, येतो तो बुरशीचा. 'बुरसणे' अशा अर्थाच्या मध्ययुगीन इंग्रजी क्रियापदातून तो आलाय.

आता तिसरा, आणि मला तोच जास्त आवडतो. मोल्ड म्हणजे भुसभुशीत माती! हा अस्सल जुन्या इंग्रजीतला, 'दळणे' अशा अर्थाच्या मूळ क्रियापदावरून आलेला. नांगराला माती उलथवणारा वाकडा पत्रा असतो, त्याचं 'मोल्डबोर्ड' हे नाव यातूनच आलं. जमीन उकरणाऱ्या मोल या प्राण्याचं जुनं नावही 'मोल्डवॉर्प', म्हणजे माती उडवणारा. पालापाचोळा कुजून होणाऱ्या 'लीफ मोल्ड'मध्येही मूळ अर्थ मातीचाच आहे, बुरशीचा नाही. तिथे बुरशीही असते, म्हणून घोटाळा होतो एवढंच.