मदत हवी आहे: ऑइल पेस्टलमध्ये एप्रिलचा सातपुडा कसा धरायचा?

राम राम मंडळी. मी यावलकडचा. गच्चीवरून समोर केळीच्या बागा, त्यांच्यामागे सातपुडा. पावसाळ्यात तो अगदी अंगावर येतो, घळ न् घळ दिसते. तो जमतो. अडतंय ते एप्रिल-मेचं. तेव्हा डोंगर आहे की नाही अशी शंका यावी इतका फिका असतो, धड निळा नाही, धड राखाडी नाही. मी निळ्यावर पांढरा घासतो, तर डोंगर मागे सरकायचं सोडून पुढेच येतो.

केळीचंही तेच. डब्यात हिरवे चार आणि चारही शाळेच्या चित्रकलेतले.

शिवाय ऊन. पारा ४३-४४ ला गेला की कांड्या लोण्यासारख्या होतात. तीन-चार थरांनंतर कागद रंग घेतच नाही, नुसता सरकवतो. कागद साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा. सॉफ्ट पेस्टल घ्यावेत का? एका दुकानात विचारलं तर "खडूच ते, फळ्यावरचे न्या" म्हणून वाटेला लावलं.

प्रतिसाद १
भाऊ, फळ्याचा खडू वेगळा. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य आणि ते धरून ठेवायला जेमतेम डिंक, म्हणून ते उन्हात वितळत नाहीत. ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि न वाळणारं तेल असतं. ते कधीच पूर्ण वाळत नाही. तेच ठेवायचे असतील तर सकाळी बसा, आणि आधी डबा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. घरचे बोलतील, बोलू द्या.

डोंगरासाठी पांढरा बाजूला ठेवा. मातकट-राखाडी रंगाचा कागद घ्या. क्षितिजाजवळ आकाशाला जो रंग लावाल तोच खाली डोंगरात ओढा, वर अगदी हलका जांभळट हात फिरवा, कागद मधूनमधून दिसू द्या. आणि नीट बघा, धूळ जमिनीलगत दाट असते, म्हणून डोंगराचा पायथा माथ्यापेक्षा फिका दिसतो. आपण सवयीने उलटं करतो. कडा बोटाने मोडा. खरा गडद रंग फक्त पुढच्या काळ्या मातीला.

केळीला सुरुवात हिरव्याने करूच नका. आधी तपकिरी-जांभळ्या सावल्या टाका. भर उन्हात पानाच्या वरच्या बाजूवर आकाश चमकतं, तिथे फिका निळसर राखाडी लागतो. ऊन पानातून आरपार येतं तिथे पिवळा. हिरवा मग उरलेल्या जागेत, थोडाच.

प्रतिसाद २
सॉफ्टला कागद खरखरीत हवा. हार्डवेअरच्या दुकानातला ४०० नंबरचा पॉलिश पेपर सरावाला झकास, पण टिकाऊ कामाला नको. पडलेली भुकटी फुंकायची नाही भो, नाकात जाते. बोर्ड तिरका धरून मागून टिचकी मारा. फिक्सेटिव्हने, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, फिके रंग गडद होतात. तुमचा सगळा जीव त्या फिक्या डोंगरातच, तेव्हा फवारा खालच्या थरांवर मारा, शेवटच्या हातावर नको.

धागाकर्ता
खूप आभार. पॉलिश पेपर आजच आणतो. मग फिक्सेटिव्ह न मारलेलं चित्र आमच्या धुळीत टिकवायचं कसं?

प्रतिसाद २
काचेखाली. फ्रेमवाल्याला जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, टाकायला सांगा, काच रंगाला टेकता कामा नये. ऑइल पेस्टललाही हेच. फ्रेम होईपर्यंत वर बटर पेपर घालून आडवं ठेवा, आणि पत्र्याच्या खोलीत मुळीच नको.