मदत हवी आहे: स्पेनच्या भाषा-सहायक व्हिसासाठी नावाचा घोळ आणि कागदांचा क्रम

माद्रिदच्या शाळेत इंग्रजी सहायक म्हणून (आठवड्याला 16 तास) ऑक्टोबरपासून नेमणूक आहे. 180 दिवसांपेक्षा जास्त मुक्काम, म्हणून लाँग-स्टे विद्यार्थी व्हिसा. अर्ज मुंबईतून.

मुख्य अडचण नावाची. स्पॅनिश फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने असतात. त्यात वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून गेलं आणि नेमणूकपत्रावर तसंच छापून आलं. पासपोर्टवर मात्र ते गिव्हन नेम्समध्ये, आडनाव एकच. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं हेच होत असणार! पत्र दुरुस्त करून घ्यावंच लागतं, की 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र चालतं? पुढे तिकडे पोहोचल्यावर एका महिन्यात टीआयई कार्डासाठी (परदेशी नागरिकांचं स्पॅनिश ओळखपत्र) अर्ज करायचा, तेव्हा पासपोर्टशीच ताडतात, म्हणून आत्ताच निस्तरलेलं बरं.

दुसरं, पोलीस क्लिअरन्स. पासपोर्ट कार्यालयातून घेतल्याने थेट परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण) होईल, राज्याच्या मंत्रालयातली फेरी वाचेल. पण भाषांतर अपोस्टिलनंतरच करायचं ना? आधी केलं तर अपोस्टिलचा शिक्का भाषांतराविना राहतो. शपथबद्ध अनुवादक स्कॅनवर काम करतात, की मूळ कागद कुरिअरने पाठवावा लागतो?

तिसरं, डॉक्टरांच्या दाखल्यात '2005 चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम' हा उल्लेख हवा असतो. फॅमिली डॉक्टर नुसतं 'फिट' लिहून देतात. इंग्रजी-स्पॅनिश असा द्विभाषिक मसुदा लेटरहेडवर सही-शिक्क्यासह चालला आहे का कुणाचा?

अलीकडे मुंबईतून अर्ज केलेल्यांनी कृपया सांगा. एजंटचे नंबर नकोत.