'अयोग्य' ठरलेल्या लढवय्या बायका: त्यांना ओळख द्यावी का?

नेरुळकरीण: आमच्या वॉचमनची बायको नेपाळमधल्या रोल्प्याची. चार घरच्या पोळ्या करते. परवा जिन्यात गुडघा धरून बसली, तेव्हा कळलं की आत छर्रा आहे. माओवाद्यांच्या सेनेत होती. २००६ ला नेपाळ सरकारविरुद्धचं त्यांचं युद्ध थांबलं तेव्हा १७ वर्षांची. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ जण लढवय्ये ठरले, त्यात बायका ३,८४६. अल्पवयीन किंवा उशिरा भरती झालेले ४,००८ जण 'अयोग्य', आणि ही त्यातली. युद्धानंतर लढवय्यांना ठेवलेल्या छावणीतून २०१० ला बाहेर. नेपाळीतला हा शब्द मराठीतही तोच, म्हणून ऐकताना जास्तच लागला. सासरचे म्हणतात, रानात पुरुषांबरोबर राहिलेली बाई. अशांची लढवय्या म्हणून नोंद व्हावी, उपचार मिळावेत, असं मला ठामपणे वाटतं.

कळवेकर: अजिबात पटलं नाही. दहा वर्षांत सतरा हजारांच्या आसपास माणसं गेली त्या युद्धात. गावच्या शिक्षकांनाही माओवाद्यांनी सोडलं नाही. बेपत्ता झालेल्यांच्या घरचे अजून वाट बघताहेत. आधी त्यांचं बघा. माझे काका गडचिरोलीत पोलीस होते, ते ड्युटीवर असले की काकू रात्रभर जागी असायची. बंदूक उचलणाऱ्यांचा कळवळा मला येत नाही. आणि डावललं कुठे? माओवाद्यांच्याच ओनसरी घर्ती मगर २०१५ ला संसदेच्या सभापती झाल्या की.

घणसोलीकर: एक सभापती झाली म्हणून सगळ्यांचं भागलं का? माओवाद्यांचे सेनापती नंद बहादूर पुन तर उपराष्ट्रपती झाले. नेपाळी सैन्यात मात्र या लढवय्यांपैकी साधारण १,४०० जण घेतले, त्यात बायका शंभराच्या आसपास. छावण्यांतच कित्येकींची लग्नं झाली, बाळंतपणं झाली. अंगावर पिणारं मूल घेऊन सैन्याच्या प्रशिक्षणाला कोण जाणार? हुद्द्याप्रमाणे सरकारकडून ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन त्या घरी गेल्या. आणि घरी काय वाट्याला आलं, ते वर लिहिलंच आहे.

कळवेकर: पैसे घेतले ना? मग हिशेब मिटला.

नेरुळकरीण: 'अयोग्य' ठरलेल्यांना ते पैसे नव्हतेच, कळवेकर. त्यांना शिक्षण नाहीतर धंद्याचं प्रशिक्षण, एवढंच. तुमच्या काकूंची रात्र मला कळते. मारल्या गेलेल्या शिक्षकाच्या घरच्यांना न्याय मिळायलाच हवा, पण हिचा कागद झाला म्हणून त्यांचं काय कमी होणार? शाळेच्या वयात हिच्या हातात बंदूक दिली. ती लढलीही आणि तिच्यावर अन्यायही झाला. अठराची नव्हती म्हणून लढाईतून कुणी वगळलं नाही, यादीतून तेवढं वगळलं. सरकारी दवाखान्यात चल म्हटलं तर येत नाही. छर्रा कसा लागला विचारतील, म्हणते.

कळवेकर: सतरा वर्षांच्या पोरीचं मान्य. तिचे उपचार व्हावेत. पण तिच्या नोंदीत तिला भरती करणाऱ्याचंही नाव लिहा, आणि त्याच्यावर खटला चालवा. ते नसेल तर माझा विरोध कायम.

नेरुळकरीण: त्याला माझी हरकत नाही. तिची असेल का, ते तिलाच विचारावं लागेल.