चार दिवसांची ग्रुप राइड, ओळखीचं माणूस एकच. जाऊ का नको?

पोर्चमधली_सायकल (परभणी)

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणीची, बँकेत नोकरी, वय ४४. पोरगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची हायब्रीड सायकल पोर्चमध्ये धूळ खात पडली होती, ती पुसायला म्हणून घेतली आणि चालवायलाच लागले, त्याला आता दीड वर्ष झालं. रोज सकाळी वसमत रोडला २५-३० किमी, रविवारी कधीमधी ५०. एकदाच ६५ केलं आणि नंतर दोन दिवस जिना उतरताना रेलिंग धरत होते.

आता आमच्या ऑफिसातल्या एका सरांच्या ग्रुपची डिसेंबरात राइड आहे. छत्रपती संभाजीनगर ते बीड, बीड ते धाराशिव, तिथून तुळजापूर करून नळदुर्ग मुक्काम, चौथ्या दिवशी सोलापूर आणि रेल्वेनं परत. २५-२६ जण आहेत, बायका पाच. पहिला दिवस १२५ च्या आसपास आणि दुसरा ११५.

किलोमीटरची भीती आहे पण मागं टेम्पो आहे म्हणे, त्यामुळं ते मी बघून घेईन. खरी अडचण वेगळीच आहे. त्या सरांशिवाय मी कुणालाच ओळखत नाही. मी एकटी चालवायची सवय असलेली बाई, कानात काही नाही, डोक्यात काही नाही, जायचं आणि यायचं. सर म्हणतात "मॅडम, मजा काही औरच असते". म्हणजे नेमकी कशात असते हो? दिवसभर पुढच्याचं चाकच बघायचं ना? आणि सगळ्यात मागं मी राहणार हे तर लिहूनच ठेवा, मग २५ अनोळखी लोक माझ्यासाठी रस्त्यात ताटकळत उभे आहेत हे चित्र डोळ्यासमोर आलं की पोटात गोळा येतो. घरून तर "कशाला नसते उद्योग" हे झालंच आहे. खरं खरं सांगा.

सराटा_गेवराईकर

ताई, तुमचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो म्हणून आधी मीच बोलतो. अशा पाच-सहा राइड झाल्यात माझ्या, पहिलीला मीपण तुमच्यासारखाच बुजलेलो होतो.

तुम्ही म्हणता दिवसभर चाक बघायचं. आता हिशोब बघा. ग्रुप १८-२० च्या स्पीडनं जातो, म्हणजे १२५ किमीला प्रत्यक्ष पायडल मारायचं साडेसहा-सात तास. पण सकाळी सहाला निघालेला ग्रुप बीडला पोचतो संध्याकाळी पाचला. मधले चार तास कुठं गेले? चहात गेले, पाचोडला नाष्ट्यात गेले, शहागडला गोदावरीच्या पुलावर फोटो काढण्यात गेले, आणि एक तास तर पंक्चरमध्ये गेला. राइडची मजा ह्या चार तासांत असते, सायकल हे आपलं तिथपर्यंत पोचायचं निमित्त. (ट्रेनिंगवाले लोक आता माझ्यावर तुटून पडतील, पडू द्या.)

पंक्चरचंच सांगतो. आमच्या भागात सराटे आणि वेडी बाभळ, दोघांची कृपा आहे. सायकल डांबरावरून जरा खाली उतरली की टायरला पाच-सहा काटे. मागच्या खेपेला एका डॉक्टरसाहेबांची सायकल बसली. एक पंक्चर आणि भोवती अकरा माणसं, प्रत्येकाला वेगळं ज्ञान. एक म्हणतो ट्यूबच बदला, एक म्हणतो पॅच मारा, एक नुसताच पंप हातात धरून उभा. काटा काही सापडेना. तेवढ्यात शेजारच्या रानातनं एक आजोबा घमेल्यात पाणी घेऊन आले, ट्यूब बुडवली, दोन मिनिटात बुडबुडे. मग म्हणाले, "कुठून आलाव?" म्हटलं संभाजीनगरहून. "सायकलवर? कामून, यष्टी बंद हाय का?" त्यानंतर चारही दिवस कुणी कुठं थकून बसलं की पाठीमागनं कुणीतरी ओरडायचं, यष्टी बंद हाय का! ज्या डॉक्टरसाहेबांना सकाळी सगळे "सर सर" करत होते ते संध्याकाळी बीडच्या मंगल कार्यालयात लुंगीवर बसून सगळ्यांच्या पिंढऱ्यांना तेल कसं चोळायचं ते शिकवत होते. घामेजलेलं, धुळीनं तोंड काळं झालेलं, भुकेनं कावलेलं माणूस आपण एकमेकांचं बघितलेलं असतं ना, मग अहो-जाहो फार टिकत नाही.

मांजरसुंब्याच्या घाटात ग्रुप फुटतोच, तिथं कुणी कुणासाठी थांबत नाही आणि थांबूही नये, चढाला ज्याची त्याची लय. पण वर पोचलेले चहा सांगून बसलेले असतात आणि शेवटचा येईपर्यंत टाळ्या. पहिल्या आलेल्याला कोण टाळ्या वाजवणार, तो आला तेव्हा तिथं कुणी नव्हतंच, हाहा.

आणि हो, पुढं सरमकुंडी फाट्याला कुंथलगिरीचा पेढा घेतल्याशिवाय जाऊ नका. खव्याचा असतो, दोन खाल्ले की येरमाळ्यापर्यंत बघायचं काम नाही.

एकला_चलो_जालना

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. मजा असते मान्य, पण ग्रुप बघून. मी एका ग्रुपबरोबर दोन दिवसांची केली होती (नाव घेत नाही). सहाची वेळ, निघाले सव्वासातला. दर दहा किमीला सेल्फी. आणि दुसऱ्या दिवशी माझी चेन तुटली तेव्हा मागं कुणीच नव्हतं, सगळे पुढं निघून गेले, ग्रुपवर मेसेज टाकला तर अंगठ्याचं चिन्ह आलं!! अंगठा!! ४० मिनिटं उन्हात बसलो, शेवटी ऊसतोडीचा ट्रॅक्टर चालला होता त्यांनी सायकल ट्रॉलीत घेतली. त्या लोकांशीच काय त्या गप्पा झाल्या त्या ट्रिपमधल्या.

तेव्हा सरांना एकच विचारा, सगळ्यात शेवटी कोण चालवतो? त्याचं नाव चटकन सांगता आलं तर बिनधास्त जा. "बघू की, असतंच कुणीतरी" म्हणाले तर तुमचा वसमत रोडच बरा.

सराटा_गेवराईकर

जालनेकर शंभर टक्के बरोबर. आमच्यात त्याला शेपूट म्हणतात. शेपटाच्या मागं कुणी राहायचं नाही आणि शेपटानं कुणाच्या पुढं जायचं नाही, एवढाच नियम. आणि ताई, तुम्ही मागं राहणार म्हणून घाबरताय पण शेपूट सहसा ग्रुपातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात बडबड्या माणूस असतो. पुढचे पोरं दम लागेपर्यंत हाणतात, त्यांना बोलायला श्वासच नसतो. गप्पा मागंच होतात.

भज्जी_आणि_ब्रेक (लातूर)

ताई आधी बायकांचं बोलू, हे लोक ते सांगणार नाहीत. पॅडवाली शॉर्ट घ्याच, तिच्या आत काही घालायचं नसतं आणि दोन दिवसांच्या वर असेल तर दोन जोड्या. मांड्या घासतात तिथं व्हॅसलिन आधीच लावायचं, सोलल्यावर नाही. हायवेला बाथरूमसाठी पेट्रोल पंप, आणि तिथं पाचही जणी एकदम जा म्हणजे कुणाला संकोच नाही, तिथल्या रांगेतच आमची पहिली दोस्ती झाली होती खोटं नाही सांगत. मंगल कार्यालयात वधूपक्षाची खोली बायकांना द्या म्हणून आधीच सांगून ठेवायचं, तिला आतून कडी असते. रात्री घोरण्याचं मात्र काही करता येत नाही, वधूपक्षातपण घोरतात.

आता मजेचं. आमची मागं एकदा तुळजापूर ते लातूर होती, ७५-८० किमीचा सोपा दिवस. वाटेत उजनीला बासुंदी खायची म्हणून सकाळी कुणी नीट खाल्लंच नाही, पोटात जागा ठेवलेली. आणि त्या दिवशी नेमकी वेळ अमावस्या! ठरवणारा माणूस पुण्याचा, त्याला काय माहीत येळवस म्हणजे काय. आमच्याकडं लातूर-धाराशिवला येळवसीला सगळं गाव पूजेला आणि जेवायला रानात असतं, बाजार बंद, दुकानं बंद, शहरात कर्फ्यू लागल्यासारखं. हॉटेलं बंद, चहाची टपरी बंद, १८ जणांत मिळून दोन केळी आणि एक चिक्कीचं पाकीट. मला कळत होतं पण मी आदल्या रात्री बोलायचं विसरले, त्याचं अजून ऐकून घेते.

औशाच्या अलीकडं एका रानात ज्वारीत कडब्याची खोप घातलेली, लेकरं पळू लालती, बाया पूजा मांडू लालत्या. आम्ही नुसतं पाणी मागायला थांबलो. त्या काकांनी आम्हाला बघितलं, सायकली बघितल्या आणि म्हणाले, "येळवसीला रानात आलेलं माणूस जेवल्याबिगर जात नसतंय, बसा." १८ जण हो! आम्ही दोघी-तिघी लाजून म्हणलो अहो एवढ्या लोकांना कसं, तर काकू म्हणल्या, "भज्जी काय मोजून करतेत व्हय?" आणि खरंच ते पातेलं बघितल्यावर बोलणंच बंद झालं. भज्जी (तळलेली भजी नव्हे, भाज्या-शेंगांची पातळ भाजी), बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी, खीर आणि मडक्यातलं आंबील. पुण्याच्या पोरानं आंबील म्हणजे ताक समजून पाच ग्लास ढोसलं. आंबील पोटात गेल्यावर कशी झोप येते ते इथल्या लोकांना माहीत आहे. सगळा ग्रुप झाडाखाली आडवा, हेल्मेट उशाला घेऊन. स्पीडचा हिशोब ठेवणारे एक इंजिनियर साहेब आहेत आमच्यात, ते तर तोंडावर टोपी टाकून घोरायला लागले आणि त्यांचं घड्याळ दर थोड्या वेळानं वाजून सांगत होतं की हालचाल करा.

निघालो साडेतीनला. लातूरला अंधारात शिरलो. त्या राइडचं बाकी काही मला धड आठवत नाही, कोणता चढ होता, वारं कुठून होतं. ती खोप आठवते. आता दरवर्षी त्यातले सात-आठ जण येळवसीला त्याच रानात जातो, निम्मे तर सायकल सोडून कारनं येतात, लाज नाही वाटत त्यांना.

एकटी गेली असते तर पाणी पिऊन पुढं निघून गेले असते मी, नक्की.

डॉलरचा_लातूरकर

भज्जीचं वाचून इथं आयोवात बसल्या बसल्या तोंडाला पाणी सुटलं, शेजारच्या क्युबिकलवाल्याला काय सांगू.

ताई, इथं रॅगब्राय नावाची राइड असते, जुलैच्या शेवटी सात दिवस, आख्खं राज्य पश्चिमेकडून पूर्वेकडं पार करायचं, साडेसातशे किमीच्या आसपास. १९७३ ला वर्तमानपत्रातल्या दोघांनी सहज म्हणून सुरू केली, आम्ही चाललोय, यायचं तर या असं पेपरात छापून, आणि आता हजारोंनी लोक असतात. निघताना मागचं चाक मिसुरी नदीत बुडवायचं, शेवटी पुढचं चाक मिसिसिपीत. मी गेलो तेव्हा मला वाटलं होतं गोरे लोक काय बोलणार आपल्याशी. अहो दुसऱ्या दिवशी एका खेड्यात चर्चच्या आज्ज्या पाय विकत होत्या (पाय म्हणजे फळं भरलेला गोड पदार्थ, मटणाचा नाही), त्यातल्या एकीनं मला हाताला धरून बसवलं आणि तू वाळला आहेस म्हणून दुसरा तुकडा दिला. डिट्टो आमची आजी.

मला तेव्हा गजानन महाराजांच्या पालखीची आठवण झाली, परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरला जाते ती. लहानपणी आम्ही रस्त्यावर केळी वाटायला उभं राहायचो. तिथंपण कोण कलेक्टर कोण हमाल कळत नाही, चालणारा तो माउली. इथं नाव विचारत नाहीत, कुठून आलास आणि ढुंगण दुखतंय का एवढंच विचारतात. माउलीच की ते एका अर्थी.

एकला_चलो_जालना

वरचं येळवसीचं वाचून जरा नरम पडलो. पण एक सांगून ठेवतो, धुळे-सोलापूर हायवेला दोघं-दोघं बाजूला लागून गप्पा मारत चालवू नका. एकामागं एक, आणि पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक शेजारून भिडू देऊ नका, तिथंच माणसं पडतात. मागं राहिलं की वारा कमी लागतो हा फायदा आहे, पण एक सायकल एवढं अंतर ठेवून. पुढचा "खड्डा" ओरडला की तुम्हीपण मागच्यासाठी ओरडायचं. गप्पा तुळजापूरनंतर बघा, तोवर तुम्हाला एकमेकांची चाल कळलेली असते.

पोर्चमधली_सायकल (परभणी)

बाप रे एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद, दोनदा वाचलं, एकदा मोठ्यानं नवऱ्याला वाचून दाखवलं.

सरांना विचारलं शेवटी कोण असतं. एका सेकंदात नाव आलं, कुणी रिटायर्ड ड्रॉइंगचे शिक्षक आहेत, वय ६३, खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या असतात म्हणे. मग ऑनलाइन पैसे भरूनच टाकले. बीडपर्यंत जमलं नाही तर गेवराईला टेम्पोत बसेन, आता लाज वाटत नाही. पॅडवाली शॉर्ट मागवली आहे, पोरानं फोनवर खूप हसून घेतलं.

दोन प्रश्न राहिले. सराट्यांसाठी काय करायचं? आणि दुसरा जरा विचित्र आहे. कालपर्यंत "नसते उद्योग" म्हणणारे आमचे हे आज सकाळपासून विचारतायत की टेम्पोत एक माणूस जास्तीचं बसतं का. सायकल येत नाही त्यांना, नुसतं यायचंय. चालतं का असं?

सराटा_गेवराईकर

सराट्यांसाठी टायरच्या आत लायनर (टायर आणि ट्यूबच्या मधली पट्टी) टाकून घ्या, परभणीत सायकलच्या दुकानात नाही मिळाला तर पोराला पुण्याहून पाठवायला सांगा. दोन ट्यूब जास्तीच्या ठेवा. गेवराईला याल तेव्हा घमेल्यात पाणी भरून उभा राहतो.

साहेबांना आणा की! टेम्पोत माणूस लागतंच. पण सांगून आणा, तिथं बसून कांदे चिरावे लागतात, २५ जणांचे.