पद्मिनी ३०-४० मिनिटांनी बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू. नक्की काय असेल?

लालबागची_पद्मिनी:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. बाबांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम कलर, स्टिअरिंगवरचा गियर. बाबा आता ७६ चे, स्वतः चालवत नाहीत, मी चालवते आणि ते बाजूला बसतात. दर रविवारी आम्ही लालबागहून मुलुंडला आत्याकडे जातो. सकाळी चोक ओढला की एका सेल्फमध्ये चालू, पहिली ३०-४० मिनिटं अगदी मस्त, मग पिकअप जातो, दोन-चार झटके खाते आणि बंद. बॉनेट उघडून १५-२० मिनिटं थांबलं की परत काही झालंच नाही अशी चालू होते. पहिल्यांदा मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये झालं म्हणून सगळे म्हणाले उन्हाने तापतेय. रेडिएटर साफ केला, कार्बोरेटरचं किट बदललं, नवे पॉइंट, नवे प्लग, एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) डायफ्राम म्हणजे आतला रबरी पडदा, सगळं मिळून ९ हजार गेले. टेंपरेचरचा काटा कधीच वर जात नाही. गेल्या रविवारी धो-धो पावसात विक्रोळीला परत बंद पडली, मागे बसचा हॉर्न आणि बाबांचा चेहरा बघवत नव्हता. भाऊ म्हणतो विकून टाक. मला विकायची नाहीये. प्लीज मदत करा.

काळीपिवळी:
ताई, आमच्या वडिलांनी २२ वर्षं फियाट (म्हणजे पद्मिनीच) टॅक्सी चालवली, हा प्रकार लहानपणापासून बघितलाय. याला व्हेपर लॉक म्हणतात. एसी पंप इंजिनलाच बसवलेला असतो, ट्रॅफिकमध्ये इंजिनची उष्णता त्याला लागते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. वडील नेहमी सीटखाली एक फडका आणि पाण्याची बाटली ठेवायचे. बंद पडली की ओला फडका पंपावर टाकायचा, पाच मिनिटांत गाडी चालू. फक्त पंपावर आणि नळीवर टाका, तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनच्या धुराच्या नळीवर) पाणी सांडू देऊ नका. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईत बंद झाल्या तेव्हा घरी कोणी नीट जेवलं नव्हतं, त्यामुळे तुमची गाडी रस्त्यावर आहे हे वाचूनच बरं वाटलं. विकू नका.

पाना_पकड:
व्हेपर लॉक असू शकतो पण मला कॉइल किंवा कंडेन्सरचा, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागांचा, जास्त संशय येतोय. कॉइल तापली की आतलं इन्सुलेशन दगा देतं, स्पार्क जातो, थंड झाली की परत येतो, लक्षण अगदी सेम. आणि हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर फार खराब येतात, नवीन टाकलाय म्हणजे चांगलाच असेल असं धरून चालू नका.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. आता एकही पार्ट बदलू नका. ९ हजार गेले कारण प्रत्येकाने गाडी चालू असताना किंवा थंड असताना बघितली, तेव्हा तिच्यात काही बिघाडच नसतो. ज्या क्षणी बंद पडते त्या क्षणी फक्त दोन गोष्टी बघायच्या, स्पार्क आहे का आणि पेट्रोल येतंय का. आधी स्पार्क. एक जास्तीचा प्लग जवळ ठेवा, एका प्लगची वायर काढून त्याला लावा, प्लगचं लोखंड इंजिनला टेकवा, वायर रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी कडक दिसली तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळे सुटले. मग पेट्रोल. कॉइलची मधली वायर काढून बाजूला ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरा, दोन सेल्फ मारा, धार यायला पाहिजे. हे करताना फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवाच, गरम इंजिनवर पेट्रोल सांडलं तर खेळ खल्लास. क्रम उलटा करू नका, आधी स्पार्क मगच पेट्रोल.

लालबागची_पद्मिनी:
सगळ्यांचे आभार. काल मुद्दाम ईस्टर्न एक्सप्रेसला काढली, भाऊ पण आला सोबत. ३५ मिनिटांनी घाटकोपरच्या पुढे बंद. साइडला लावून आधी स्पार्क बघितला, निळा, कडक. मग नळी बाटलीत धरली, दोन सेल्फमध्ये जेमतेम चार थेंब. ओला फडका टाकून दहा मिनिटं थांबलो तरी तेच, अजून दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली. म्हणजे पेट्रोलचा प्रॉब्लेम ना? मग परत पंपच का? डायफ्राम तर नवीन आहे.

प्रीमियर_रोड:
मी कुर्ल्याचा, आजोबा प्रीमियरच्या कारखान्यात होते, १९६४ ची डिलाइट (पद्मिनीचंच आधीचं नाव) ते पद्मिनी सगळ्या गाड्या त्यांच्या डोळ्यासमोर बाहेर पडल्या. आता कारखाना नाही, रस्त्याचं नाव तेवढं राहिलं.

ताई, तुम्ही स्वतःच लिहिलंय की धो-धो पावसात पण बंद पडली. १०८९ सीसीचं साधं इंजिन, काटा वर नाही, वर पाऊस, आणि ओल्या फडक्याने फरक नाही, मग उष्णतेचा विषय सोडा. तुम्ही थांबता तेव्हा गाडी थंड होते हे खरं, पण त्या २० मिनिटांत अजून काहीतरी होत असणार. मला दोन गोष्टी सांगा. टाकी फुल केल्यावर लवकर बंद पडते का? आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदललंय का?

लालबागची_पद्मिनी:
अरे देवा. हो. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत पेट्रोल चोरी झाली म्हणून लॉकवालं नवीन झाकण बसवलं. आणि आम्ही दर रविवारी निघतानाच टाकी फुल करतो, मधल्या वारी दादरला वगैरे जाते तेव्हा टाकी अर्धी असते आणि तेव्हा कधीच बंद पडली नाहीये. हे डोक्यातच आलं नव्हतं.

प्रीमियर_रोड:
मग झाकणच असणार. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेवढी हवा टाकीत आत यायला लागते, त्यासाठी झाकणाला बारीक वाट असते, काही टाक्यांना वेगळी हवेची नळी असते. ती वाट बंद असली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, पंप ओढून ओढून थकतो आणि कार्ब कोरडा पडतो. टाकी फुल असली की वर हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळे लिटर-दीड लिटर गेलं की लगेच ओढ बसते. अर्धी असेल तर वरची हवा थोडी पसरते आणि काम निभावतं. तुम्ही २० मिनिटं थांबता तेव्हा झाकणाच्या फटीतून हळूहळू हवा आत शिरते म्हणून गाडी चालू होते, थंड झाली म्हणून नाही. आता बंद पडली की बॉनेट उघडूच नका, आधी झाकण उघडा आणि कान देऊन ऐका.

लालबागची_पद्मिनी:
आज परळला टाकी फुल केली, चेंबूर ओलांडलं आणि झटके सुरू. बाजूला घेतली. बाबा म्हणाले मी उघडतो, काठी टेकत मागे गेले, चावी फिरवली आणि एवढ्या मोठ्याने सूऽऽऽ आवाज आला की मला आत सीटवर ऐकू आला. झाकण नुसतं वर ठेवून सेल्फ मारला, चार-पाचदा फिरली आणि चालू!! एक मिनिटसुद्धा थांबावं लागलं नाही. रस्त्यात बसून मी रडले अक्षरशः. घरी आल्यावर बाबांनी माळ्यावरच्या डब्यातून जुनं झाकण काढलं, त्यांनी जपून ठेवलं होतं. ते लावून परत मुलुंडपर्यंत जाऊन आलो, कुठेही अडखळली नाही. नवीन झाकणाला ड्रिलने भोक पाडलं तर चालेल का, लॉक हवंय मला.

पाना_पकड:
मी कॉइलच्या मागे लागलो होतो, चुकलं माझं. पण टेस्ट केलीत ते बरं झालं, नाहीतर अजून एक पंप गेला असता.

प्रीमियर_रोड:
भोक पाडू नका ताई. मुंबईचा पाऊस, पाणी थेट टाकीत जाईल, आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, आतून टाकी गंजते. जुनं झाकण घेऊन ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जा किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, आणि व्हेंटवालंच (हवेची वाट असलेलं) झाकण मागा. दुकानात तोंडाने हवा ओढून बघता येतं, बाहेरची हवा आत येते की नाही ते.

आणि त्याच फेरीत पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, टाकीपासून कार्बपर्यंत. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, मग चिरा जातात, आणि तुमची गाडी ज्या काळातली आहे तेव्हा हे पेट्रोल नव्हतंच. दुकानदाराला इथेनॉलला चालणारी नळी म्हणून सांगा, जुन्या नळीचा तुकडा नमुन्याला न्या, क्लिप पण नवीन घ्या. डायफ्राम नवीन आहे म्हणालात पण तो कुठल्या रबराचा आहे ते मेकॅनिकला विचारा, जुन्या स्टॉकमधला असेल तर वर्षभरात कडक होईल.

लालबागची_पद्मिनी:
शनिवारी बाबांना घेऊनच जाते ऑपेरा हाऊसला. दुकानं त्यांना माहितीयेत.